के म्हणजे हजार

शैला लासूरकर पाटबंधारे खात्यात नोकरीला लागली तेव्हा तिला लाखावर किती शून्यं येतात हे बोटांवर मोजावं लागायचं. निवृत्त झाली तेव्हा सगळं खातं तिला विचारून शून्यं टाकत होतं. नोकरीची बहुतेक वर्षं तिनं पूर नियंत्रण कक्षात काढली. कक्ष म्हणजे एक लांबट खोली, दोन टेलिफोन, एक बिनतारी संच आणि भिंतीवर मराठवाड्याच्या नद्यांचा नकाशा. पावसाळ्यात उजाडल्यापासून एकेका धरणावरून आकडे यायचे. कुणी साठा दशलक्ष घनफुटांत सांगायचं, कुणी घनमीटरांत, कुणी नुसतीच पातळी फुटांत. शैला ते सगळं एका मापात आणायची आणि पेपरवाल्यांचे फोन सुरू व्हायच्या आत तक्ता तयार ठेवायची. दलघमी, दलघफू, टीएमसी हे शब्द तिच्या तोंडी इतके सहज यायचे, जसं दुसऱ्या बाईच्या तोंडी पावशेर आणि अच्छेर.

"बाई, टीएमसीत सांगा ना," एखादा नवा वार्ताहर फोनवर म्हणायचा.

"अठ्ठावीस पूर्णांक बत्तीसनं भागा."

"कशाला भागू?"

"दलघमीला. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. आणि दशलक्ष म्हणजे दहा लाख, नुसतं लाख नव्हे. काल तुम्ही लाख छापलंत. तुमच्या पेपरात रातोरात धरणाचा नऊ दशांश साठा आटला. लोकांनी आमच्याकडं फोन केले."

निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणी म्हणालं, जगाची लोकसंख्या आठ बिलियन झाली, की शैला फाटकातून हाक मारून सांगणार, म्हणजे आठशे कोटी. बिलियन म्हणजे शंभर कोटी, मिलियन म्हणजे दहा लाख. वैजनाथराव, तिचे यजमान, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. ते म्हणायचे, "आमच्या घरी पाणी नसलं तरी धरण आहे." हे खरंच होतं. नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं आणि मधल्या दिवसांत न्हाणीघरातल्या दोन निळ्या पिंपांवर आणि गच्चीवरच्या टाकीवर घर चालायचं. त्या पाण्याचं वाटपही शैलाकडंच होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे अक्का. प्रमोदिनी, वैजनाथरावांची थोरली बहीण. लहानपणी तापात डावा पाय अधू झाला, लग्न जमलं नाही. माजघरात शिवणक्लास चालवून तिनं स्वतःचं भागवलं आणि धाकट्या भावाच्या शिक्षणालाही हातभार लावला. शैला लग्न होऊन आली, नोकरीला लागली, मुलगी पूर्णा झाली, तेव्हा घरात सासू नव्हती, अक्का होती. पावसाळ्यात शैलाची ड्यूटी पहाटेची. पूर्णाला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, गोवरात तिच्या उशाशी बसणं, सगळं अक्कानं केलं. पूर्णा अक्काच्या कडेवर वाढली आणि शैलाची नोकरीही त्याच कडेवर वाढली. शैलाला हे माहीत होतं. माहीत असलेलं मान्य मात्र तिनं कधी केलं नाही, कारण अक्काची जीभ तिखट होती आणि शैलाचीही काही गोड नव्हती.

एकदा पाहुण्यांसमोर अक्का म्हणाली, "मिलियन म्हणजे लाखच की गं." शैलानं तिथल्या तिथं पेपरच्या कडेवर शून्यं काढून दाखवली. अक्कानं चष्मा कपाळावर सरकवून ती बघितली आणि म्हणाली, "बाई, मला माणसं मोजून पोळ्या लाटता येतात. धरणं तू सांभाळ." पाहुणे हसले. शैलाला ते लागलं, आणि तेव्हापासून आकड्याची गोष्ट निघाली की ती अक्काला म्हणायची, "तुम्ही राहू द्या."

अक्काचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली. रोज एक, हजार युनिटची. शैला रोज सकाळी चहानंतर ती अक्काच्या तळहातावर ठेवायची. असं वर्ष गेलं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ती बाटली नेहमीच्या दुकानात मिळेना. वैजनाथराव उस्मानपुऱ्याकडं गेले होते, तिथून ते वेगळीच पट्टी घेऊन आले.

"ही नाही ती," शैला म्हणाली.

"डी थ्रीच आहे. नाव वाच की. दुकानदार म्हणाला, घरी माहीत आहे ना कशी घ्यायची? म्हटलं, घरी सगळंच माहीत आहे."

शैलानं चष्मा लावून पट्टी उलटसुलट केली. चारच गोळ्या, मऊ, मधाच्या रंगाच्या. नावापुढं ठळक इंग्रजीत साठ आणि त्याला चिकटून के. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं, ते पट्टीच्या चंदेरी कागदावर चमकत होतं आणि वाचता येत नव्हतं.

"आधीची हजाराची होती. ही साठचीच आहे. आणि चार गोळ्यांना एवढे पैसे? लुटायला बसलेत."

"आणि तो के कशाचा?"

"असेल जीवनसत्त्व के. हाडांनाच देतात तेही."

तिच्या लेखी हजाराचं अक्षर एकच होतं, टी. टीएमसीमधला टी म्हणजे थाउजंड, मग मिलियनचा एम. जन्मभर तिनं हजार लिहिला तो टीनं किंवा मराठीत 'ह' काढून. त्यामुळं साठ के म्हणजे तिला साठच दिसले. साठ हजाराहून लहान. लहान मात्रेची गोळी रोज दिली तर बिघडतं कुठं? उलट दोन द्याव्यात का, असाही विचार तिनं केला आणि महाग म्हणून एकीवर भागवलं. वैजनाथरावांना सांगून ठेवलं, जिथं मिळेल तिथून एकदोन पट्ट्या आणत जा.

"ही वेगळी का गं?" पहिल्याच दिवशी अक्कानं विचारलं. "पिवळी दिसते."

"कमी पॉवरची आहे. घ्या."

"कमी कशी? मोठी दिसते की."

"आकड्यातलं तुम्हाला काय कळतं अक्का? घ्या पाण्याबरोबर."

अक्कानं घेतली. पुढं ती रोज घेत राहिली.

ऊन वाढलं तशी अक्काची तहानही वाढली. पलंगाशेजारच्या स्टुलावर तिचा तांब्या असायचा. तो सकाळी भरला की दहाच्या आत रिकामा. मग तिच्या न्हाणीघराच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला अर्धी बादली. धुणीभांड्याला येणाऱ्या आशाबाईच्या ते आधी लक्षात आलं.

"ताई, आक्का लई पाणी पितेत हो. साखर बघा. आमच्या सासऱ्याला असंच झालं व्हतं."

शैलानं साखर तपासून घेतली. नॉर्मल निघाली. मग तिचं मत पक्कं झालं, की ही सवय आहे. म्हातारपणी माणसाला काही ना काही नाद लागतो. पिंपं चौथ्याच दिवशी तळाला जाऊ लागली. गल्लीत टँकर मागवायची वेळ पहिल्यांदा लासूरकरांवर आली आणि शैलाला शेजाऱ्यांकडं बघवेना.

"अक्का, टाकी तुमच्या एकटीची नाही."

"तोंड कोरडं पडतं गं. लाकूड चघळल्यासारखं."

"तोंड सगळ्यांचंच कोरडं पडतं. बाहेर बेचाळीस आहे."

पुढं अक्काचं जेवण सुटलं. अन्नाचा वास आला की मळमळ, पोट साफ नाही, दिवसभर आडवं पडणं. मग एक दिवस तिनं शैलाला पूर्णा म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी चहात मीठ घातलं. परकराची शिलाई घालता घालता सुई तशीच कापडात टोचून विसरली आणि विचारलं तर म्हणाली, "मी कुठं शिवत होते?" शैला रागावली. तिला वाटलं, कामातून अंग काढायचं चाललंय. "नाटकं करू नका अक्का," असं ती एकदा नव्हे, बऱ्याचदा म्हणाली. मग राग ओसरून तिची दुसरी खात्री झाली आणि ती तिनं फोनवरून सगळ्यांना सांगितली. पुण्याला पूर्णाला सांगितलं. भजनी मंडळाच्या लक्ष्मीबाईंना सांगितलं. सिल्लोडच्या सदाशिवला सांगितलं. सदाशिव हा मधल्या दिरांचा मुलगा, तिथल्या हायस्कुलात शिक्षक. "अक्काचं डोकं चाललंय रे. माणूस ओळखत नाहीत. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, आम्हाला कसं झेपायचं?" सदाशिव भला. म्हणाला, "काकू, आत्याला आमच्याकडं आणा. ही दिवसभर घरीच असते. खोली रिकामी आहे."

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी अक्काकडून अंथरूण ओलं झालं. शैलानं चादर ओढून काढली, गादी उन्हात टाकली, अक्काचं लुगडं बदललं, आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालूच होतं. "आधी तांब्यावर तांबे रिचवायचे, मग भिजवायचं. हे धुवायला पुन्हा पाणी मीच आणू. नळ परवा येणार आहे, परवा!" आणि मग तिनं स्टुलावरचा भरलेला तांब्या उचलला.

"शैला," अक्का म्हणाली. "घोटभर."

"चारला देईन. चहाबरोबर."

"एवढासा गं."

शैला तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेली, तो ओट्यावर ठेवला, आणि पंख्याखाली जाऊन पडली. तिला झोपही लागली.

भांडं पडल्याच्या आवाजानं ती जागी झाली. अक्का न्हाणीघराच्या दारात पिंपाला टेकून बसली होती, मान एका बाजूला कललेली. पिंपावरचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं. तिच्या हातातून निसटलेलं लहान पातेलं मोरीपर्यंत घरंगळत गेलं होतं. हाक मारली तर ती ओ देईना.

दवाखान्यात वैजनाथराव पैसे भरायच्या खिडकीशी होते, तेव्हा एक तरुण डॉक्टरीण रक्ताचा रिपोर्ट घेऊन शैलाकडं आली. केस वर बांधलेले, पायात कापडी बूट, बोलणं शांत.

"काकू, आजींचं कॅल्शियम खूप वाढलंय. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाही. फक्त डी थ्री."

"किती?"

"रोज साठ." शैलानं ते कक्षातल्या फोनवर सांगावं तसं ठाम सांगितलं.

"साठ काय?"

"साठ. साठ के."

 डॉक्टरीण बाकावर तिच्या शेजारी बसली.

"काकू, के म्हणजे हजार. साठ हजार युनिटची गोळी आहे ती. आठवड्यातून एक घ्यायची असते, तीही थोडे आठवडे. रोज किती दिवस दिलीत?"

"पाडव्यापासून," शैला म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला.

किलोमीटर. किलोग्रॅम. किलो म्हणजे हजार हे तिनं पूर्णाला चौथीत असताना शिकवलं होतं. अक्षर ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. ते ठाऊक होतं आणि तिनं विचारलं नव्हतं, कारण तिला कुणाला काही विचारावं लागत नाही अशी तिची ख्याती होती. डोकं आपोआप गुणाकार करत गेलं. पंचेचाळीस लाखांच्या आसपास. दशलक्षात साडेचार. रूपांतरही सवयीनं करून झालं आणि मग तिला स्वतःची शिसारी आली.

"बऱ्या होतील ना?"

"होतील. किडनीवर ताण आलाय, पण वेळेवर आणलंत. पहिलं औषध पाणीच आहे, सलाइन लावलंय. त्यांना तहान खूप लागत असेल ना? शरीरच मागत होतं. पाणी पीत राहिल्या म्हणून इतके दिवस निभावलं."

शैलानं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

तेवढ्यात वैजनाथराव पावती घडी करत आले. डॉक्टरणीनं त्यांनाही सांगितलं, की डीच्या गोळ्या फार जास्त झाल्या, त्यानं हे सगळं झालं, डोक्याचा गोंधळही त्यानंच.

"तरी म्हटलं!" ते शैलाकडं वळले. "औषधांच्या डबीतून स्वतःच काढून खात असणार. डोक्यात राहतंय कुठं तिच्या काही? तू गोळ्या कुलपात का नाही ठेवल्यास?"

डॉक्टरणीनं शैलाकडं बघितलं. शैलानं सलाइनच्या थेंबांकडं बघितलं. थेंब पडत राहिले, आणि बोलायची वेळ निघून गेली.

अक्का घरी आली तेव्हा पावसाळा लागला होता. अंगात त्राण कमी, पण नजर स्वच्छ. फाटकातून आत येताच तिनं विचारलं, "तुळशीला कुणी पाणी घातलं नाही का?" आशाबाईनं कडाकडा बोटं मोडली. "आली बाई आमची आक्का माघारी!"

वैजनाथरावांना बहीण बरी झाल्याचा आनंद झाला होता आणि ते तो थट्टेत दाखवत होते. जेवताना म्हणाले, "आता गोळ्यांना कुलूप आणि किल्ली माझ्या जानव्याला. पेपरमिंट समजून खात होतीस का गं?"

अक्का नेहमी अशा वेळी दोन शब्द परत करायची. त्या दिवशी ती ताटातला भात कालवत राहिली.

"मला आठवतसुद्धा नाही रे कधी खाल्ल्या ते," ती म्हणाली. "त्याचंच तर भय वाटतं."

शैलानं वरण वाढायला घेतलेला डाव तसाच भांड्यात परत ठेवला. आता सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, जेवण होऊ दे. जेवण झालं, आणि वैजनाथराव बातम्या लावून बसले. त्यानंतर रोज सांगायची वेळ येत राहिली आणि रोज तिला काहीतरी काम निघत राहिलं. ती अक्कासाठी ताकातल्या कण्या करायची. तांब्या अर्धा झाला की भरायची, पाव झाला की भरायची, कधी भरलेलाच ओतून ताजा भरायची.

"इतकं करू नकोस गं," अक्का म्हणाली. "मलाच लाजल्यासारखं होतं. मी घोळ घालायचा आणि तू निस्तरायचास."

पुढच्या आठवड्यात अक्कानं स्वतःच सदाशिवला फोन लावला. शैलाला ते नंतर कळलं. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता.

"कशाला अक्का? आता बऱ्या आहात की."

"आज आहे. उद्या गॅस चालू ठेवून बसले तर? तुम्ही दोघं बाजारात, आणि मी घर पेटवून दिलं तर? तिथं सूनबाई दिवसभर घरात असते, लक्ष राहील. ज्या बाईला आपण काय खाल्लं ते कळत नाही, तिनं स्वतःचं ठरवू नये. दुसऱ्यांनी ठरवावं."

आशाबाईला हे पटलं नाही. भांडी घासता घासता ती शैलाला ऐकू जाईल इतपत पुटपुटली, "आजारी व्हत्या तवर ठिवल्या. आता बऱ्या झाल्या तर धाडता व्हय? लई न्यारा न्याय हाय."

शैलाला समोर सगळं लख्ख दिसत होतं. ती गप्प बसली तर अक्का सिल्लोडला जाईल आणि उरलेलं आयुष्य स्वतःच्या डोक्याला घाबरत काढेल. दर वेळी चष्मा सापडला नाही, नाव आठवलं नाही, की म्हणेल, सुरू झालं. आणि ती बोलली तर? तर या घरात तिच्या शब्दाला जे वजन होतं ते जाईल, आणि तांब्याचं कुणी विचारलं तर द्यायला उत्तर नव्हतं.

शनिवारी दुपारी अक्का पलंगावर लुगड्यांच्या घड्या घालत होती. शैला दारात उभी होती.

"ये, बस. हे घे." अक्कानं शिवणाची मोठी कात्री तिच्यापुढं केली. पितळी मुठीची, अक्काच्या अंगठ्यानं झिजलेली. त्या कात्रीला आजवर घरात कुणी हात लावलेला तिला खपला नव्हता. "ही इथंच राहू दे. माझ्या हातात आता धारेची वस्तू नको. कुणाचं काय कापीन, नेम नाही."

शैलानं कात्री घेतली नाही. ती खाली फरशीवरच बसली.

"अक्का, गोळ्या तुम्ही नाही खाल्ल्या."

"म्हणजे?"

"मी दिल्या. रोज मीच तुमच्या हातावर ठेवली. ती आठवड्याला एक घ्यायची होती. साठ हजाराची होती, मी साठ समजले. के म्हणजे हजार. मला कळायला हवं होतं."

अक्का घडी घालायची थांबली.

"मी डबीतून काढून खाल्ल्या नाहीत?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. तुम्हाला डबी कुठं असते तेही माहीत नव्हतं. आणि पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, ही वेगळी का. मी म्हणाले, आकड्यातलं तुम्हाला काय कळतं."

अक्कानं खिडकीकडं बघितलं. ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. "म्हणजे माझं डोकं नाही गेलं," ती हळू म्हणाली. मग पुन्हा, स्वतःलाच बजावल्यासारखी, "नाही गेलं." शैलाला रडू फुटलं.

"रडू नको. चुकतं माणूस. के काय न् हजार काय, मीही साठच वाचले असते. औषधं एवढी बारीक लिहितात मेले."

शैलानं मान वर केली. इतक्यात सुटले, असं तिला वाटलं असेल. पण अक्का तिच्याकडंच बघत होती, आणि नजर नेहमीसारखी तिखट होती.

"गोळीचं कळलं. तांब्या का उचललास?"

शैलानं पलंगावरून घसरलेलं लुगडं उचलून त्याची घडी घालायला घेतली.

"मला ते दिवस धुरकट आठवतात. पण ते आठवतं. घोटभर मागितलं होतं मी. त्यातही के होता का?"

"नाही," शैला म्हणाली. "नाही. मला राग आला होता. पाण्याचा आला होता, चादरीचा आला होता. तुमचा आला होता."

"हां," अक्का म्हणाली. "आता खरं बोललीस." तिनं कात्री पुन्हा स्वतःच्या मांडीवर घेतली. "वैजूला सांगितलंस?"

"नाही."

"आणि आणखी कुणाकुणाला सांगितलंस, अक्काचं डोकं गेलं म्हणून?"

"पूर्णाला. सदाशिवला. लक्ष्मीबाईंना."

"लक्ष्मीबाईंना म्हणजे सगळ्या मंडळाला. तरीच त्या दवाखान्यात भेटायला आल्या आणि माझ्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलल्या. फोन आण."

"अक्का..."

"आण म्हटलं ना."

शैलानं फोन आणला. अक्कानं तो दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला आणि आवाज मोठा करायला लावला. सदाशिवनं उचलला. शैलानं सांगायला सुरुवात केली, अडखळली, पुन्हा सुरुवात केली. साठ, हजार, रोज, आठवडा. सदाशिव दोनतीनदा "अरे बाप रे" म्हणाला, आणि मग शिक्षक असल्यामुळं समजूत घालू लागला. "काकू, जाऊ द्या, होतं असं. पण आत्या येते ना? हिनं नवीन पलंग टाकलाय."

अक्कानं पुढं वाकून उत्तर दिलं. "येणार. पाहुणी म्हणून येणार. चार दिवस राहीन, सूनबाईच्या हातचं खाईन, तुझ्या पोरीचे फ्रॉक शिवीन आणि मला तूच परत आणून सोडायचं."

दारात वैजनाथराव उभे होते. ते कधी येऊन थांबले, कळलं नाही. त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप होता. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग बहिणीकडं. शैला उठू लागली. ते वळले. कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला, मग पुढच्या दाराचा, मग फाटकाचा.

"येईल," अक्का म्हणाली. "त्यालाही त्या पेपरमिंटबद्दल मला काहीतरी म्हणायचंय, आणि त्याला ते जमत नाही. आता लक्ष्मीबाई."

"त्यांना काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच. तांब्यासकट."

शैलानं नंबर लावला. घंटी वाजत असताना तिनं साडीचा पदर सारखा केला, जणू लक्ष्मीबाई समोर येऊन बसणार होत्या. पलीकडून "कोण?" असा आवाज आला. शैलानं हळू आवाजात नाव सांगितलं आणि म्हणाली, अक्कांचं डोकं गेलं नव्हतं, चूक माझी झाली. लक्ष्मीबाईंना अलीकडं कमी ऐकू येत होतं.

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल बाई!"

खिडकी उघडी होती, बाहेर आशाबाई वाळत घातलेले कपडे काढत होती. शैलानं अक्काकडं बघितलं. अक्कानं एक लुगडं उलगडलं आणि घडी नीट बसली नव्हती म्हणून पुन्हा घालायला घेतली. मग शैलानं श्वास घेतला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगायला सुरुवात केली.